खोट्याला एक टोला

फाल्गुन शुद्ध ५, सोमवार. फसली १३४७. लातूर

— आणि वर गल्लीतल्या बाया मलाच विचारतेत, उघड्यावर वाळवण घालायचंच कशाला! म्हणजे चूक माझी. उडदाचं पीठ मी कुटलं, खांदे माझे गेले, माळवद माझं, आणि अर्धे ओले पापड खाल्ले गल्लीतल्या लेकरांनी. वाळवणाखाली अंथरलेल्या धोतराचा एक काठ पार मोकळा. विचारलं तर एकजात सगळी — "न्हाई काकू, आईची आण." गळ्याला चिमटा लावून. एकाच्या ओठाला पीठ तसंच चिकटलेलं.

मास्तरांकडे गेले. सरकारी मदरशात असतात. तिथं शिकवणं उर्दूत, पण नीतीचा पाठ रोज होतो म्हणाले. "मैं सच बोलूँगा, मैं चोरी नहीं करूँगा — रोज म्हणून घेतो बाई." दोघांना बोलावून म्हणायला लावलं. दोघांनी घडाघडा म्हटलं. एकाच्या गालात माझा पापड होता. मास्तर म्हणाले, उच्चार बघा किती साफ.

घरी येऊन यांना सांगितलं. (माझ्या लेकीचे, इंदूचे वडील. नाव घेत नाही, वहीतसुद्धा नाही.) म्हणाले, "पापडच हाईत. परत लाट."

मी परत लाटणार नाही.

फाल्गुन शुद्ध ६, मंगळवार

शेजारची शरणम्मा म्हणाली, "पाठ म्हणून लेकरू सुधारतंय का गोदाक्का? गोष्ट सांग त्यांना." ही भालकीकडची, लिंगायत. लातुरात नांदून केस पिकले तरी हिचा राग अजून कानडीतच येतो. मी म्हटलं, मला येत नाही गोष्ट सांगायला, मी मधेच ओरडते. तूच सांग.

फुटाणे देते म्हटल्यावर लेकरं ओट्यावर जमली. शरणम्मानं राजाची सांगितली. राजा एका शरणाला, म्हणजे शिवभक्ताला, जेवायला बोलावतो. शरण म्हणतो, आधी तुझा घोडा काय खातो ते दाखव. बघतो तर घोड्यापुढं कुण्या रांडमुंड बाईच्या शेतातली कोवळी ज्वारी. शरण पाणीसुद्धा न पिता माघारी जातो.

गोष्ट चांगली. पण लेकरं फुटाणे सरेपर्यंतच बसली. घोडा यायच्या आत ओटा मोकळा. नीलम्मा एकटी राहिली, ती शरणम्माची नात, आजीबगर घरी जाणार कशी. नऊ वर्षांची आहे. शेवटी विचारती, "घोड्याची काय चूक? त्याला समोर टाकलं ते खाल्लं." शरणम्मा माझ्याकडे बघायली. मी घरात गेले.

फाल्गुन शुद्ध ९, शुक्रवार

आज कुरडया.

फाल्गुन शुद्ध ११, रविवार

मोहरमच्या सवाऱ्या निघाल्या, पंजे मिरवत. आपल्या गल्लीतल्या बाया नारळ घेऊन उभ्या, मीही. पंजाच्या पुढं मांगवाड्यातला लिंबाजी हलगी वाजवत होता. दरसाल तोच असतो. आज मी पंजाकडे नाही, लेकरांकडे बघत होते. जी लेकरं मास्तरांपुढं घडीभर उभी राहत नाहीत ती भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून उभी. लिंबाजीनं हात थांबवला की ह्यांचा श्वास थांबायचा. हात पडला की सुटायचा. त्यातला एकसुद्धा माझ्या माळवदावर गेला नाही.

सवारी गेल्यावर लिंबाजीला म्हटलं, "ह्या लेकरांना शिकवशील का?"

"काय करायचंय माय शिकून? मरणाधरणाला वाजवायला आमी हाव की."

"वाजवायला नको. गप बसून ऐकायला शिकव."

तो लई वेळ हसला. म्हणाला, "येतो."

फाल्गुन शुद्ध १३, मंगळवार

लिंबाजी आला. ओट्याखाली दगडावर बसला. मी वर बस म्हटलं नाही, त्यानंही विचारलं नाही. वाळलेल्या काड्या पेटवून हलगीचं कातडं शेकलं. लेकरं एकेक करत सगळी खाली, त्याच्याभोवती. ओट्यावर मी आणि शरणम्मा दोघीच उरलो, दोन बुजगावणी. मग तिथून ओरडून बोलण्यापेक्षा आम्हीही खाली उतरलो.

दोन बायांनी आपापली लेकरं ओढून नेली, कातड्याला शिवतेत म्हणून. दिवे लागायच्या आत तीच लेकरं मागच्या बोळातून परत.

त्यानं रीत काढली ती अशी. शरणम्मा गोष्ट सांगणार, लिंबाजी हळू ठेका धरणार. लेकरांपुढं घासलेटचे रिकामे डबे, परात, जे असंल ते. गोष्टीत कुणी खोटं बोललं, कुणी कुणाचं लाटलं, की डब्यावर एक टोला. एकच. टोला पडला की हलगी बंद, गोष्ट बंद. ज्यानं मारला त्यानं उभं राहून सांगायचं का मारला. पटलं तर पुढं. न पटलं तर त्याचा डबा दुसऱ्याला.

राजाची गोष्ट परत सांगितली. आता कुणी उठलं नाही. राजानं घोड्याला ज्वारी टाकली तिथं सात-आठ टोले एकदम. लिंबाजी म्हणाला, "एकानं मारायचा. दुसऱ्याचं ऐकून मारला तर ते मास्तरावाणी झालं."

त्याला मी मास्तरांचं सांगितलेलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत आहे वाटतं.

होळी, बुधवार

आज लिंबाजीनं आपल्या आज्याची सांगितली. गोष्ट म्हणून नाही, असंच, हलगी शेकता शेकता. पाटलानं आज्याला दवंडी द्यायला लावली की विहीर आटली, उद्यापासून कुणी येऊ नये. विहीर आटलेली नव्हती, पाटलाला ऊस भिजवायचा होता. आज्याला नाही म्हणायची सोय नव्हती. तो सगळ्या गावातनं फिरला. तोंडानं म्हणाला, विहीर आटली. हातानं मात्र दवंडीचा ठेका न वाजवता मयताचा वाजवला. लोकांना कळायचं ते कळलं.

"मग पाटलानं काय केलं?" लेकरं.

"काय करतंय? त्याला ठेक्यातलं कळतंय व्हय?" मग जरा थांबून, "दुसऱ्यांदा कळलं. मग मारला."

कुणी टोला मारला नाही. कुठं मारायचा ते कळलं नाही.

इंदू ओट्याच्या खांबाला टेकून बसती. तळहात खांबावर, बोटांनी ठेका धरून. गोवरात तिचा डावा कान गेला, सात वर्षांची असताना. उजवा चांगला आहे. तिला हलगी लाकडातनं कळती म्हणे. लेकरांच्या आधी तिचा हात थांबतो.

धुळवड, गुरुवार

पोलिसाचा जवान आला. "अम्मा, ये क्या मदरसा खोले तुम? इजाजत है?"

"मदरसा न्हाई बाबा, ओटा हाय."

"और ये ढोल?"

"ढोल न्हाई, हलगी."

दंडा मांडीवर घेऊन तिथंच बसला. शरणम्मा तराजूवाल्या सावकाराची सांगत होती. सावकारानं पारड्याखाली मेण लावलं तसा जवानानंच हातातला दंडा डब्यावर हाणला, लेकरांच्या आधी. नीलम्मा म्हणाली, "उठ. का मारला सांग." उठून सांगितलं बिचाऱ्यानं. इजाजतीचं परत निघालं नाही.

फाल्गुन वद्य २, शुक्रवार

चाँदभाई पिंजारी आला. मोहरमच्या दहा दिवसांत तो गोष्टी सांगत नाही, नाहीतर सगळ्या गंजात, बाजारपेठेत, त्याच्यासारखा सांगणारा कुणी नाही. गाद्या पिंजता पिंजता सांगतो. त्यानं पेवाची काढली.

एक बाई असती. एक माणूस जिवाच्या भीतीनं पळत येतो. बाई त्याला अंगणातल्या, जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरवती, वर झाकण, झाकणावर शेण. पाठोपाठ शिपाई. "यहाँ कोई आया?" बाई म्हणती, "कोई नहीं."

निम्म्यांनी टोला मारला. निम्म्यांनी हात उचलून धरला, खाली आणलाच नाही. मग जे भांडण लागलं! शरणम्मा म्हणाली, हे खोटं नाही, जीव वाचवला. मी म्हटलं, खोटं ते खोटं. टोला.

नीलम्मा: "मग त्याला मारू द्यायचं का?"

"ते मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

"फुटाणे खा."

भांडण मिटेना. नमाजाची वेळ झाली म्हणून चाँदभाई तसाच उठला, गोष्ट अर्धी टाकून. माणूस पेवातच राहिला.

फाल्गुन वद्य ३, शनिवार

लेकरं आता गोष्टीवर थांबत नाहीत. गल्लीत डबे घेऊन फिरतेत. सकाळी कुणी यांना भेटायला आला. हे आतनं म्हणाले, "सांग, घरात न्हाईत." ओट्यावरनं टण्. तो माणूस बसून राहिला, यांना बाहेर यावं लागलं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांती.

दुपारी महादेवप्पा दुकानदार आला. तोंड लाल. "वैनी, तुमची पोरं माझ्या दुकानापुढं बसायलीत. गिऱ्हाइकाला तेल ताजं हाय म्हटलं की टोला. धंदा करावा का न्हाई माणसानं?"

"तेल ताजं असतंय का?"

"तो सवाल न्हाई."

पण तो त्याच्यासाठी आला नव्हता. इंदूसाठी स्थळ घेऊन आला होता. अहमदपूरचे रामकिशनराव, शेतीवाडी, मुलगा मार्तंड तहसिलीत कारकून. एकुलता. यांचा चेहरा कंदिलाची वात वर केल्यासारखा झाला. इंदू सोळा संपवून बसली आहे. कानापायी दोन ठिकाणं आधीच गेली.

महादेवप्पा गेल्यावर मी विचारलं, "कानाचं?"

"कानाचं काय? दोन हाईत की."

"एकच चालतो."

"त्यांना कशाला सांगायचं? सुपारी फुटू दे, लग्न होऊ दे. कळंल हळूहळू."

खरं लिहिते, मलाही तेच वाटलं.

फाल्गुन वद्य ६, मंगळवार

पाहुणे परवा येणार. बसवायचं ठरवलं. इंदूची डावी बाजू भिंतीला. भिंत काही विचारत नाही. पाहुणे उजवीकडे आणि समोर. मी तिच्या मागं, पाठीला बोट लावून. एक बोट म्हणजे वर बघ, दोन म्हणजे पाया पड. शरणम्मानं सासू होऊन बघितलं, दोनदा विचारलं, दोनदा बरोबर उत्तर. इंदू मधेच म्हणाली, "आणि तिकडं गेल्यावर भिंत कोण धरणार?" मी म्हटलं, गप बस, तोंड चांगलं ठेव.

लेकरांना सांगितलं, गुरुवारी डबे बंद.

"का?" नीलम्मा.

"उगंच."

टण्.

फाल्गुन वद्य ८, गुरुवार

आले. रामकिशनराव, त्यांची बहीण केवळाबाई, आणि मुलगा. मुलगा सतरंजीकडे बघत बसला तो उठेपर्यंत. आवाज कसा आहे कळलं नाही. घरात केवळाबाईचंच चालतं हे मात्र बसल्या बसल्या कळलं. लेकरं ओट्यावर ओळीनं. डबे पालथे घालून, शहाण्यासारखी.

केवळाबाईनं सगळं विचारलं. भाकरी थापती का, निवडणं-टिपणं, शिवण. इंदूनं चांगली उत्तरं दिली. मग ती माझ्याकडे वळली. "रंग-रूप दिसतंय. डोळे, कान, दात, आतलं-बाहेरचं?"

मी म्हटलं, "सगळं ठीक आहे."

आणि थांबले. खोटं बोलताना असं थांबू नये, मला कळत होतं. पण माझा कान सगळा ओट्याकडे. आता पडतो. आता पडतो. यांनी सुपारी कातरायची थांबवली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

टोला पडलाच नाही.

केवळाबाई खूश. म्हणाली, "आमचा मार्तंडबी तसाच. विडीला म्हणून शिवला न्हाई कधी."

टण्.

एकच, पण असा की रामकिशनरावांच्या हातातली बशी हलली. "काय पडलं?" मी म्हटलं, मांजर. ह्या मांजरालाही कुणी टोला दिला नाही. मुलाचे कान मात्र लाल झाले. येताना महादेवप्पाच्या दुकानामागं त्यानं विडी ओढलेली लेकरांनी बघितली होती.

पसंत आहे म्हणाले. पाडव्याला सुपारी.

घरात सगळे हसायलेत. मला राग कशाचा आला आहे हे मलाच नीट कळंना.

फाल्गुन वद्य ९, शुक्रवार

कळलं. लेकरांचा आला आहे.

ओट्यावर सगळ्यांना उभं केलं. "काल मी बोलले ते ऐकलं?" ऐकलं. "खरं होतं?" न्हाई. "मग हात का उचलला नाही? इतके दिवस मी काय शिकवायली?"

मग नीलम्मा, "इंदूआक्का पेवात हाय म्हणून."

"काय?"

"तुम्ही तिला लपवलं. ते लोक शिपाई. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, त्या बाईवाणी करायचं. कोई नहीं म्हणायचं."

लिंबाजी खाली दगडावर बसून हलगीची कड पुसत होता. वर बघितलं नाही. शरणम्मा पदरानं डोळे पुसायली, हिला कशानंही रडू येतं. मला लेकरांना एक एक ठेवून द्यावी वाटली आणि फुटाणे द्यावे वाटले. दोन्ही केलं नाही.

मी अंगणात गाद्या पिंजणाऱ्या चाँदभाईला म्हटलं, "तुमच्या गोष्टीनं हे झालं. अर्धी टाकून गेलात."

"तो पूरी सुनो ना अक्का. शिपाई गये. बाई सबसे पैले क्या करी? झाकण निकाली. पेव में हवा नहीं रहती. आदमी ज्यादा देर जीता नहीं उसमें." पेवात उतरून माणूस मेलेला सगळ्यांना ठाऊक आहे. इथं आधी कंदील सोडतेत, मग माणूस. चाँदभाईनं मला विचारलं, "तुम छोकरी को कब निकालते?"

पिंजाऱ्यानं मला हे विचारावं. मी म्हटलं, गाद्या झाल्या का आमच्या? तो म्हणाला, हो जाते, कल.

फाल्गुन वद्य १२, सोमवार

इंदूला विचारलं. आजवर विचारलं नव्हतं. तुला काय वाटतं असं विचारायची आमच्यात रीत नाही, म्हणून दुसरंच काही विचारल्यासारखं विचारलं.

ती तुरीची डाळ पाखडत होती. म्हणाली, "सासू मागनं डाव्या बाजूनं हाक मारंल. मी वळणार न्हाई. पहिल्या दिवशी म्हणंल नवी हाय. आठ दिवसांनी म्हणंल माजली. महिन्यानं हात उचलंल. तवा मी काय सांगू? कान न्हाई म्हणून सांगू? म्हणंल, तुझ्या आईनं तर सगळं ठीक म्हटलं होतं."

एवढं ती वर्षात बोलत नाही.

यांना सांगितलं. म्हणाले, "तुला तिचं लग्न होऊ द्यायचंय का न्हाई? सुपारी फुटू दे. मग मीच सांगतो." मग म्हणजे कधी. म्हणाले, मग म्हणजे मग.

अमावस्या, गुरुवार

पुरण शिजवलं. उद्या काय करायचं ते ठरलं आहे. कुणाला सांगितलेलं नाही.

पाडवा, शुक्रवार

गुढी उभारली. रामकिशनराव आणि केवळाबाई आले, मधे महादेवप्पा. मुलाला कचेरीतनं सुट्टी नाही म्हणाले. पाट मांडला. यांनी सुपारी हातात घेतली.

मी म्हटलं, "केवळाबाई, जरा इकडं या. इंदूच्या ह्या बाजूला. भिंतीकडं. आता हळू हाक मारा तिला."

"का हो?"

"मारा तर."

"इंदू," ती म्हणाली. इंदू विडे लावत होती. पानाचं देठ खुडलं, चुना लावला. "इंदू. ए इंदू." दुसरं पान घेतलं.

मी म्हटलं, "गोवरात गेला. डाव्या कानानं काही येत न्हाई. उजवा तुमच्या-माझ्याहून चांगला. त्या दिवशी सगळं ठीक म्हटलं ते मी खोटं बोलले. सुपारी फोडायच्या आधी सांगायली."

यांच्या हातातली सुपारी हातातच. महादेवप्पा छताकडे बघायला लागला. केवळाबाईनं पुढून येऊन इंदूची हनुवटी धरून तोंड नीट बघितलं, बैल घेताना दात बघतेत तसं. रामकिशनराव उठले. "कळवतो."

पुरणाला कुणी शिवलं नाही. रात्री लेकरांना वाढलं.

चैत्र शुद्ध ३, रविवार

निरोप नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं ते इंदूमार्फत. "तुझ्या आईला सांग, भाजी अळणी हाय." मी समोरच बसलेली. इंदू म्हणाली, "बाबा, मला ऐकू आलं न्हाई, तुमीच सांगा." हे उठून गेले. ऐकू आलं होतं तिला, उजवीकडे बसले होते.

चैत्र शुद्ध ५, मंगळवार

निरोप नाही. गल्लीतल्या बाया पाण्याला जाताना माझ्याकडे बघून हळू चालतेत. एकीनं तोंडावर म्हटलं, "हातानं केलंस बाई. मांगाची हलगी दारात आणलीस तवाच कळलं होतं." मी म्हटलं, तुझी दोन्ही लेकरं त्याच हलगीपुढं बसतेत, मागच्या बोळातनं येतेत. तिला माहीत नव्हतं.

लिंबाजीनं विचारलं, "माय, मी न्हाई आलो तर बरं पडंल का?" मी म्हटलं, ये. आणि वर बस, खाली मला वाकून बोलावं लागतं, कंबर दुखती. तो वर बसला नाही. पायरीवर बसला.

चैत्र शुद्ध ७, गुरुवार

निरोप आला. महादेवप्पा धावत आला, धाप लागलेली. "पसंत! तसंच पसंत हाय. रामकिशनराव म्हणले, सांगून टाकणारं घर चांगलं. आखितीला लग्न."

यांनी मला हाक मारली, माझ्या नावानं, पाडव्यापासून पहिल्यांदा. शरणम्मा भिंतीवरनं ओरडली, काय झालं, काय झालं. मला तिथंच खाली बसावं वाटलं.

"फकस्त एक," महादेवप्पा म्हणाला. "मुलाला बोलायचं न्हाई. मार्तंडला ठावं न्हाई कानाचं. केवळाबाई म्हणल्या, त्याच्या कानावर घालू नका, तो उगं अडून बसंल. एकदा अक्षता पडल्या की कळंल त्याचं त्याला. मग काय करतोय?"

हे म्हणाले, "बरोबर हाय. आपण आपलं सांगितलं. आता ते त्यांचं त्यांनी बघावं. आपल्याला काय लागतंय?"

खरंच. मला काय लागतंय? मी सांगितलं होतं, चारचौघांत, सुपारीच्या पाटावर. माझ्याकडून फिटलं. लेकरांपुढंही तोंड काळं नाही. घरात लग्न आहे. दोनदा मनात म्हणून बघितलं — माझ्याकडून फिटलं. चांगलं वाटतं म्हणायला.

इंदूला जाऊन सांगितलं, उजव्या बाजूनं, सगळं. तिनं एकच विचारलं.

"त्यांना माहीत न्हाई?"

"न्हाई."

"बघून गेले ते?"

"हाव, तेच."

ती गहू निवडत होती. सगळं सूप निवडून झालं, तिनं दुसरं भरलं.

रामनवमी, शनिवार

सकाळी इंदू एकटी महादेवप्पाच्या दुकानावर गेली. लग्न ठरलेली पोरगी, भर बाजारात, चार गिऱ्हाइकं उभी. मला कळलं तशी मागं पळाले. पोचले तेव्हा तिचं बोलणं चालू होतं, मी दारात थांबले. महादेवप्पा पारडं हातात धरून उभा. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"मार्तंडरावांना सांगा, माझा डावा कान गेलेला हाय. इंदूनं सांगितलं म्हणून सांगा, घरच्यांचं नाव घेऊ नका. आणि हो का न्हाई ते त्यांच्या तोंडून पाहिजे, आत्याबाईच्या न्हाई. मला त्यांचा आवाजबी माहीत न्हाई. हणमंत जयंतीपर्यंत थांबते. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत आले न्हाईत, तर पुढचं स्थळ मी बघणार — मी, समोर बसून."